बाबांची आगळ

माझे वडील सुतार. गाव बीबी, वय ऐंशीच्या पुढे किती ते त्यांनाही नक्की माहीत नाही, आणि स्वभाव बाभळीच्या गाठीचा. त्या गाठीवर रंधा चालत नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मेहकरला शाळेत शिकवते. माझा स्वभाव कसा आहे ते माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा. खाण तशी माती, दुसरं काय!

आई गेल्यापासून बाबा बीबीच्या घरात एकटे राहतात. आमचे हे गेल्यापासून मी मेहकरच्या फ्लॅटमध्ये राहते. मुलगा आणि सून पुण्याला, नातू मोबाइलवर. दर रविवारी सकाळी मी काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसते, तासाभरात बीबीला पोचते, दिवसभर बाबांशी भांडते आणि संध्याकाळी ताजीतवानी होऊन परत येते.

बाबांनी आयुष्यभर दारं केली. गावातल्या जुन्या घरांपैकी निम्म्यांची तरी कवाडं त्यांच्या हातची असतील. आता ती घरं पाडून लोक स्लॅब टाकतात, आणि स्लॅबच्या घराला दुकानातून तयार दार आणतात. जुनं कवाड मग जळणात जातं आणि त्याची कडी, कोयंडा, बिजागऱ्या भंगारवाल्याच्या गाडीवर. पण भंगारवाल्याच्या आधी तिथे आमचे बाबा हजर असतात, हातात पकड आणि खांद्यावर पोतं घेऊन. अशी दोन पोती घराच्या कोपऱ्यात भरून ठेवलेली आहेत. रोज एकेक कडी काढायची, डिझेलमध्ये भिजवायची, काथ्याने घासायची, आणि उजेडात धरून तिच्याकडे पाहत बसायचं. घरभर पेट्रोलपंपाचा वास. "बाबा, कशाला हवंय हे सगळं?" असं एकदा मी नाक दाबून विचारलं, तर म्हणाले, "तू काऊन पोरायच्या वह्या तपासते? काही फायदा हाय का?"

आमच्या स्वतःच्या घराचं दार मात्र अजून उभं आहे. सागवानी, दोन फळ्यांचं. बाहेरून लोखंडी कडी, ती वर चौकटीतल्या कोयंड्यात अडकते. आतून आगळ. आगळ म्हणजे मनगटाएवढा जाड आणि दाराहून लांब लाकडी दांडा. त्याच्यासाठी एका बाजूच्या भिंतीत बीळ ठेवलेलं असतं. एरवी तो त्या बिळात पडून असतो. दार लावायचं झालं की ओढून काढायचा, दाराच्या मागून सरकवत न्यायचा आणि त्याचं टोक पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत घालायचं. मग बाहेरून बैलाने धडका दिल्या तरी दार हलत नाही. हे दार बाबांनी मी जन्मले त्या वर्षी केलं. त्यांच्या लेखी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. "तू अन् हे दार एकाच सालचे," असं ते आल्यागेल्यासमोर सांगतात, "पन दार अजून सरळ हाय."

तर या सरळ दारावरून आमच्या घरात महाभारत झालं.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी बाबा आंघोळीला गेले आणि न्हाणीच्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. पुढच्या दाराला नेहमीप्रमाणे आतून आगळ. दीड तास ते तसेच ओल्या फरशीवर पडून. शेजारच्या मावशी रोज त्यांना दूध आणून देतात. त्यांनी हाका मारल्या, आतून कण्हल्याचा आवाज ऐकला आणि सगळी गल्ली गोळा केली. दोघं-तिघं पहार घेऊन धावले. पहिला घाव घालणार, तेवढ्यात आतून गर्जना झाली.

"दाराले हात लावसान त याद राखा बे!"

"आबा, तुम्ही पडले ना आत!" मावशी ओरडल्या.

"मी पडलो, दार नाही पडलं! मांगच्या भितीवरून या!"

मागच्या भिंतीवर बोरीच्या काट्या रचलेल्या. त्याही बाबांनीच रचलेल्या. शेवटी मावशींचा थोरला मुलगा, चांगला दोन लेकरांचा बाप, शिडी लावून त्या काट्यांवरून आत उतरला. त्याची पँट फाटली आणि मांडी सोलून निघाली. बाबांची मांडी सुजलेली, त्याची रक्ताळलेली. दोघांना एकाच जीपमध्ये घालून लोकांनी मेहकरला माझ्याकडे आणलं. नशिबाने बाबांचं हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या बिचाऱ्या मुलाला, "पहार लागली त नाही ना कोठी?"

माझं डोकंच फिरलं. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी जी सुरू झाले ती थांबलेच नाही. म्हटलं, दार काय जिवापेक्षा मोठं आहे? तुम्ही दीड तास गारठ्यात पडून होता, आणखी दीड तास गेला असता तर? आत कोणाला येताच येत नाही असल्या घरात आता एकटं राहायचं नाही. एक तर ती आगळ निघेल, नाही तर तुम्ही बीबीहून निघाल. बोला काय ते. त्यांना मी फ्लॅटवर घेऊन आले.

फ्लॅटमध्ये बाबा तीन आठवडे राहिले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. खिडक्यांच्या कड्या त्यांना "पत्र्याच्या" वाटायच्या. न्हाणीच्या दाराची कडी त्यांनी तीनदा काढून तीनदा बसवली. आणि मुख्य दाराला बोटाने टकटक करून ते रोज म्हणायचे, "पुठ्ठा हाय हा." त्या दाराला लॅच आहे. ओढून घेतलं की आपोआप बंद होतं, बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. हे मी त्यांना दहा वेळा समजावून सांगितलं होतं. पण दार म्हणजे माणसाने लावल्यावर लागणारी वस्तू, ते आपल्या मनाने लागतं हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

एक दिवस मी शाळेत असताना जिन्यात कोणाची तरी चाहूल लागली म्हणून बाबा दार उघडून बाहेर डोकावले. एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे खटकन लॅच लागलं. अंगात बंडी, कमरेला धोतर, हातात काठी, पायात काही नाही. शनिवारची सकाळची शाळा होती म्हणून बरं, मी दुपारी घरी आले. पाहते तर बाबा जिन्यात खुर्चीवर बसलेले, हातात चहाचा कप, आणि आजूबाजूला बिल्डिंगमधली चार माणसं. मी कपाळावर हात मारला.

"ही समोरची बाई हाय ना," ते कप परत देत मला म्हणाले, "तिचं माहेर साखरखेर्ड्याचं हाय. तुले मालूम हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी त्या बिल्डिंगमध्ये सहा वर्षं राहत होते आणि समोरच्या बाईंशी माझं बोलणं "पाणी आलं का?" याच्या पुढे गेलं नव्हतं. बाबांना तीन तासांत तिचं माहेर, तिच्या सासूचा गुडघा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भांडणाचं मूळ इतकं सगळं कळलं होतं.

आत आल्यावर मात्र ते पलंगावर बसले आणि म्हणाले, "बाई, मले बीबीले नेऊन घाल. ज्या घराले आपला मानूस वळखू येत नाही, ते घर कायचं?"

"आगळ?" मी विचारलं.

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "काढ."

पुढच्याच रविवारी मी मेहकरहून एक मिस्त्री आणि एक नवंकोरं लॅच घेऊन बाबांसोबत बीबीत दाखल झाले. मिस्त्रीने पिशवीतून ड्रिल काढलं, आणि बाबा दारासमोर मांडी घालून बसले. "आगळ काढतो म्हनलं, काढतो. दाराले भोक पाडू देनार नाही. माह्या जितेजी नाही." मी ओरडले, मावशींनी समजावलं, मिस्त्रीने चहा घेतला आणि तो परत गेला. लॅचचा खोका फळीवर जाऊन बसला. आगळ मात्र बाबांनी शब्द दिल्याप्रमाणे स्वतः बिळातून ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. रात्री दार उडू नये म्हणून आतून एक वीट टेकवायची असं ठरलं.

"अन् चोर आला त?" मावशींनी विचारलं.

"काय नेईल? कड्यायचं पोतं?" बाबा म्हणाले.

"ते नेलं तर मी त्याला चहा पाजीन," मी म्हटलं.

आगळ तिथेच ठेवली असती तर मी जीपमध्ये बसताच ती परत बिळात गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ती सोबत घेतली. आता पाच-सहा फुटी दांडा काळ्यापिवळ्या जीपमध्ये कसा न्यावा? एक टोक ड्रायव्हरच्या कानापाशी, दुसरं मागच्या काचेतून बाहेर. मध्ये बसलेल्यांनी तो मांडीवर घेतला. लोणी विकायला निघालेल्या एका बाईने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तरीनबाई, शाळेतल्या पोरायले हेच्यानंच मारता काय?" सगळी जीप हसली. मी हसले नाही. फ्लॅटमध्ये ती आगळ कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून बाल्कनीत दोन खिळ्यांवर आडवी टाकली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागले.

मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. करायला गेले एक आणि झालं भलतंच!

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. बीबीत दिवसा दार कोणी कुलूपबंद करत नाही. जवळपास जायचं असेल तर कडी लावून कोयंड्यात एक काडी अडकवतात. काडी दिसली की समजायचं, माणूस गावातच आहे, येईल घटकाभरात. परगावी जायचं तरच कुलूप. आणि एखाद्याचं दार नुसतंच लोटलेलं दिसलं, हाक मारून कोणी ओ दिली नाही, तर जाणारा-येणारा कोणीही थांबतो आणि बाहेरून कडी लावून देतो. न लावली तर शेळ्या घरात शिरून धान्यात तोंड घालतात. यात उपकार वगैरे काही नाही. वाटेतला काटा उचलावा तितकी साधी गोष्ट.

आजवर बाबांच्या दारावर ही वेळ कधी आली नव्हती. ते आत असले की आगळ लागलेली असायची. दुपारी पडायचं तरी आगळ, आंघोळीला तरी आगळ. दार ढकलून पाहिलं आणि हललं नाही की गल्लीला कळायचं, आबा आत आहेत. आता दार बोट लावलं तरी हलू लागलं. बाबा कानाने थोडे जड. मागच्या अंगणात कड्या घासत बसलेले, किंवा जेवून आडवे झालेले. बाहेरून हाक आली तर ऐकू जात नाही. मग लोक काय करणार? आबा दार उघडं टाकून गेले, म्हणत कडी लावायचे. पहिल्या आठवड्यात बाबा चार वेळा कोंडले गेले. फटीतून ओरडायचं, कोणी तरी कडी काढायची, "आम्ही त शेरडं घुसू नाही म्हून लावली, आबा," असं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कोणी तरी पुन्हा लावायची. मावशींना मी दारावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्यांनी तर एकदा माझ्याशी फोनवर बोलता बोलताच लावली.

मला हे सगळं फोनवरून कळायचं आणि मी मावशींवर चिडायची. "एवढी मोठी गल्ली, कोणाला लक्षात राहत नाही का, की बाबा आत असतात?" मी विचारायची.

मग आला रविवार. बाबा सकाळीच बसस्टँडवर चहा प्यायला गेले होते. मी मागचं अंगण झाडत होते. मला दुपारी लवकर परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि प्रश्नपत्रिका माझ्याकडे होत्या. झाडून झालं, हातपाय धुतले, पर्स घेतली, दार ओढलं. दार येईना. बाहेरून कडी! मी फटीला तोंड लावून हाका मारल्या. रस्त्यावर एक शेळी होती, तिने वर पाहिलं. मोबाइलवर मावशींना फोन लावला, तो लागेना. अर्धा तास मी त्या दाराशी झगडले. माझ्या आवाजाने वर्गातली साठ पोरं चिडीचूप होतात, पण आमच्या गल्लीत पाखरू उडालं नाही. नंतर कळलं की सगळी बायामाणसं कोपऱ्यावरच्या बारशाला गेली होती.

शेवटी कडी वाजली आणि दार उघडलं. समोर बाबा.

"कोणी लावली ही?" मी ओरडले. "कोणाचा हात एवढा शिवशिवतोय, सांगा मला!"

बाबा जरा खाकरले. "म्या लावली."

"तुम्ही?"

"बसस्टँडवरून आलो. दार लोटेल दिसलं. म्हनलं शेरडं घुसतीन. कडी लावली अन् बारशाले गेलो."

"बाबा, मी आत होते!"

"ध्यानातच नाही राह्यलं. हातानं लावली. डोक्यानं थोडी लावली!"

तेवढ्यात बारशाहून परतलेल्या बायका गोळा झाल्या आणि त्यांना हकीकत कळली. अगं बाई, काय हसल्या त्या! एकीने तर पदर तोंडात कोंबला. मी पर्स घेऊन तरातरा जीपकडे निघाले. जाता जाता वळून म्हणाले, "हे असं चालणार नाही. पुढच्या रविवारी तुमचं सामान बांधते. आता मेहकर म्हणजे मेहकर."

गल्ली हसायची थांबली. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी भांडायला हवं होतं, पण भांडले नाहीत. त्यांचा चेहरा मला त्या आठवडाभर दिसत राहिला. त्यांनी आपल्या हाताने केलेलं घर, आणि त्यातून मी त्यांना उचलून त्या पुठ्ठ्याच्या दाराआड नेऊन ठेवणार होते. मला स्वतःचा राग आला, त्यांचाही आला. पण ओल्या फरशीवर पडलेले बाबा डोळ्यांपुढे आले की वाटायचं, माझंच बरोबर आहे.

पुढच्या रविवारी मी रिकामी बॅग घेऊन गेले. दार लावलेलं होतं. ढकललं तर हललं नाही. म्हटलं, केलीच ना नवी आगळ! हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग मला ते दिसलं.

दाराच्या उजव्या फळीला, हाताच्या उंचीवर, एक भोक होतं. बोटाएवढं, गोल, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. त्यातून एक सुताची दोरी बाहेर लोंबत होती. तिच्या टोकाला लाकडी मणी.

मी नुसती पाहत राहिले. ज्या माणसाने गारठ्यात फरशीवर पडून या दाराला हात लावू दिला नव्हता, माझ्या मिस्त्रीला हाकलून लावलं होतं, त्याने आपल्या हाताने गिरमिट फिरवून माझ्या वयाच्या दाराला भोक पाडलं होतं. माझे डोळे भरून आले. ते शेजारच्या दारात उभ्या असलेल्या मावशींना दिसू नयेत म्हणून मी उगाच पर्समध्ये काही तरी शोधू लागले.

"वढ न," आतून आवाज आला. "पाहून काय राह्यली?"

दोरी ओढली. आत खट्ट झालं आणि दार उघडलं. आतल्या बाजूने बाबांनी बाभळीची एक खिट्टी बसवली होती, एका खिळ्यावर वरखाली होणारी. ती ज्या कोयंड्यात पडत होती तो पोत्यातला, घासून काळा कुळकुळीत केलेला. बाबा समोर खाटेवर बसलेले. परीक्षेचा निकाल ऐकायला बसलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"पह्यले गोठ्याच्या दाराले लोक अशी करत," ते म्हणाले. "आता आयक. दोरी भाईर लोंबून राह्यली म्हंजे म्हातारा आत हाय. कडी लावाची नाही. हे साऱ्या गल्लीले सांगून देलं. सकाळी मी उठलो की दोरी आत वढून घेतो अन् दार उघडतो. दूध आलं तरी दोरी भाईरच असली, त मावशीनं वढाची अन् आत याचं. कोनाले भितीवरून उतरा लागत नाही."

"आणि दुपारी?"

"दुपारीबी तसंच."

मी हार मानायला तयार नव्हते. "दोरी काय फक्त मावशींनाच दिसेल? चोरालाही दिसेल ना!"

"दिसू दे. आला त येईल. मी पडेल असन त मले उचलून त ठेवीन."

यावर मला हसू आवरेना. मी हसले, मग बाबा हसले, आणि दारातून डोकावणाऱ्या मावशीही हसल्या. रिकामी बॅग मी रिकामीच परत नेली. जाताना मावशींना मात्र बजावलं, रोज सकाळी मला फोन करायचा.

तेव्हापासून रोज साडेसहाला मावशींचा फोन येऊ लागला. "दोरी आत गेली, बाई." एवढंच सांगायचं ठरलं होतं. पण मावशी तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. "तुम्ही उठल्या काय? बरं हाय ना? चहा झाला?" सकाळच्या घाईत माझ्या एका हातात पोळपाट, दुसऱ्या हातात फोन. मला वाटायचं, या बाईला एवढ्या चौकशा कशाला? "हो, उठले, सगळं झालं," असं मी तुटकपणे म्हणायची आणि फोन ठेवायची.

असे दोनेक महिने गेले. मग एका शनिवारी शाळेतून आले ती कणकण घेऊनच. ताप चढत गेला. शाळेत मीटिंगसाठी आवाज बंद केलेला फोन तसाच स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला, गोळी घेतली आणि झोपले. ती अशी झोपले की रविवार उजाडला कधी, साडेसहा वाजले कधी, काही कळलं नाही.

जाग आली ती दारावरच्या धडाधड आवाजाने. ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं. डोकं जड झालेलं. भिंतीला धरून मी पॅसेजमध्ये आले. बाहेर बरीच माणसं बोलत होती, आणि सगळ्यांच्या वर एक आवाज.

"तोडा बे! पाह्यता काय? पुठ्ठ्याचं त हाय, लात मारा!"

"बाबा, थांबा, चावी बनवणारा येतोय," समोरच्या बाई म्हणत होत्या.

"चावीवाला गेला खड्ड्यात! माही पोरगी आत हाय! तोडा म्हन्तो ना!"

मी लॅच फिरवलं. दारात बाबा उभे. धोतराचा सोगा सुटलेला, काठी उगारलेली. मागे मावशी आणि काटे लागलेला त्यांचा थोरला, वॉचमन, समोरच्या बाई, अर्धी बिल्डिंग. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. काठी खाली आली.

"फोन काऊन नाही उचलला?" त्यांनी विचारलं.

"ताप होता, बाबा. झोप लागली."

त्यांनी रंध्याने घट्टे पडलेला हात माझ्या कपाळाला लावला. मग ते आत आले आणि पहिल्या दिसलेल्या खुर्चीवर मटकन बसले.

"आबा रोज माह्यापाशी उभे राह्यतात ना फोन करतानी," मावशी मला हळूच म्हणाल्या. "विचार म्हन्तात, पोरगी उठली काय ते. आज चार वेळा लावला, तुम्ही उचललाच नाही. म्हने, आत्ताच्या आत्ता जीप पाह्य."

म्हणजे त्या चौकशा मावशींच्या नव्हत्याच.

समोरच्या बाईंनी चहा आणला. बाबांनी तो प्यायला, श्वास घेतला, आणि बघता बघता बाबा परत बाबा झाले. त्यांची नजर बाल्कनीत गेली. त्यांच्या आगळीवर माझा ओला टॉवेल. त्यांनी फक्त भुवया उचलल्या. "राहू दे तिथंच," ते म्हणाले. "माह्या दाराले आता ते लागत नाही." मग ते उठले, माझ्या दारापाशी गेले, बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं, टकटक केली.

"तुह्या दाराची दोरी कोठी हाय?"

"बाबा, फ्लॅटला दोरी नसते."

"मंग तू न्हानीत पडली त आत कोन येईल?"

मी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या बाईंचा चहा घेऊन सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी तुले सांगतो," बाबा काठी आपटत म्हणाले, "एक त दोरी लाव, नाही त सामान बांध. बीबीले चाल."

दवाखान्यात मी केलेल्या भाषणाची त्यांनी एका वाक्यात परतफेड केली होती. मावशी पदराआड हसल्या. मी टेबलाच्या खणातून दुसरी चावी काढून दिली. बाबांनी बंडीच्या खिशातून सुताची दोरी काढली, तशीच, लाकडी मणी ओवलेली. ती चावीला बांधली, गाठ दातांनी घट्ट केली आणि साखरखेर्ड्याच्या त्या बाईंच्या हातात दिली. त्यांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

अजूनही रोज साडेसहाला मावशींचा फोन येतो.

"दोरी आत गेली, बाई."

"मीही उठले," मी त्यांनी विचारायच्या आधीच सांगते. "चहा झाला. शेजारी उभे असतील ना, त्यांना सांगा."